आधी पुटपुट्याला गाठायचं

आमच्या घरात दिवसाचा बहुतेक वेळ पाट्यावर काही ना काही वाटलं जात असायचं. करी रोडच्या चाळीत एक खोली, खोलीतच मोरी आणि डोक्यावर माळा. त्या खोलीत आई खाणावळ चालवायची. जेवायला येणारी माणसं सगळी आमच्या गावाच्या आजूबाजूची. एके काळी ती गिरणीची पाळी सुटली की यायची. गिरण्या बंद पडल्यावर कोणी वॉचमन झाला, कोणी कुणाची गाडी चालवू लागला, पण जेवायला आमच्याकडेच येत राहिली. सकाळी ओल्या खोबऱ्याचं वाटप, मग मिरच्या आणि धणे, मग बांगड्यासाठी तिरफळं ठेचायची, आणि माणसं जेवून उठली की भांड्यांचा ढीग. चौथीची परीक्षा झाल्यावर मला शाळेतून काढलं ते ह्या वाटपासाठी. मला त्याचं फार दुःख झालं नाही. वर्गात बाईंनी नाव घेतलं की मी नुसती उभी राहायचे. घरात मला सगळे बाय म्हणत, आणि बायला बोलावं लागत नसे, ताट पुढे केलं की झालं. वाढताना मी खाली बघून वाढायचे. आईचा गावचा भाऊ मोहनमामा जेवायला असायचा, तो दर दोन दिवसांनी तीच चेष्टा करायचा. "काय गो बाये, देवान तुका तोंड दिल्यान तां काय फक्त जेवूक?" सगळे हसायचे. मीही खाली बघूनच हसायचे आणि त्याच्या भातावर एक पळी जास्तीची घालायचे.

आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मी राहते. पाट्याचा आवाज खालच्या घरात जातो असा निरोप आला, तेव्हापासून पाटा गॅलरीत उलटा ठेवलाय आणि मी मिक्सर लावते. हे लिहायला बसते तेव्हा घरात इतकं शांत असतं की त्या खोलीत एवढी माणसं कशी मावत होती ह्याचंच मला नवल वाटतं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. बारावी होऊन तो दादरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात लागला होता. दुकानात जे भाग कुणाला नको असत ते तो पिशवीतून घरी आणायचा, आणि असं आणून आणून त्यानं एक कॉम्प्युटर जोडला. त्याच्या डब्याला झाकण नव्हतं. आतल्या तारा, हिरव्या पाट्या, फिरणारा पंखा सगळं उघडं दिसायचं. आईला ते बघवत नसे. तिनं त्यावर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घालून ठेवला होता. दादा तो काढायचा, ती परत घालायची. कॉटच्या डोक्याशी, ट्रंकेवर, तो कॉम्प्युटर असायचा. संध्याकाळची पंगत बसली की मोहनमामाची पाठ त्याला लागायची आणि दादा ओरडायचा, "मामा, सरक रे, शॉक बसेल!" मामा म्हणायचा, "बसांदे. तेवढाच आंग मोकळा होयत."

मग एका सकाळी दादाचे डोळे सुजलेले दिसले. जागरणानं असेल असं आई म्हणाली. पुढे पाय सुजले, पायात चप्पल जाईना. परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. बदलायची गोष्ट डॉक्टरांनी काढली, पण आईची जुळली नाही, नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या माझीही जुळली नाही, बाबांना साखर होती. मग आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं ठरलं. बाबा एका इमारतीवर रखवालदार होते, त्यांची पाळी चुकत नसे, म्हणून दादाबरोबर मी जायचे. मशीनवर त्याला झोपवलं की मी बाहेरच्या बाकावर बसायचे. डॉक्टरीणबाईंनी मला एकदाच नीट समजावून सांगितलं होतं. अंगातलं पाणी बाहेर जायला दुसरी वाट नाही, एक पाळी चुकली तर ते छातीत भरतं. मी मान हलवली. एवढं मला पुरेसं समजलं.

आणि मीठ बंद. ज्या घरात सुका जवळा, खारवलेलं सुंगट, आंबोशीचं लोणचं ह्यांच्या वासानं जिना ओळखू यायचा, त्या घरात एकाचं मीठ बंद. पाणीसुद्धा मोजून. त्याच्यासाठी मी वेगळ्या तोपात माशाचं अळणी तिखलं करायचे. तो एक घास घ्यायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "बाय, झकास झालंय. फक्त ह्यात समुद्र घालायचा राहिलाय." पंगतीला माणसं असली की आई त्याला माळ्याखाली तोंड फिरवून जेवायला बसवायची, दुसऱ्यांच्या ताटातलं दिसू नये म्हणून. वास मात्र यायचाच. तो जेवायचा थांबायचा आणि नुसता वास घेत बसायचा, तेव्हा आई उगाच पातेली हलवायची, मोठ्यानं.

दुकानातली नोकरी सुटली. दुपारी माणसं जेवून गेली, भांडी झाली, की आई मोरीजवळ हाताची उशी करून पडायची, आणि दादा त्या कॉम्प्युटरवर एक खेळ लावायचा. दुकानातल्या मित्रानं त्याला त्याची सीडी दिली होती. वरून बघितल्यासारखं एक जग दिसायचं, पडके किल्ले, भुयारं, जंगलं, आणि त्यात अंगठ्याएवढी माणसं. त्यांतली सहा आपली. कुणी चिलखत घातलेला, कुणी भाला घेतलेला, एक मुलगी गोफण घेतलेली. त्यांना घेऊन चालत राहायचं, आणि वाटेत जे आडवं येईल त्याच्याशी लढायचं. दादाच्या डाव्या हातात मशीनच्या सुयांसाठी ऑपरेशन करून शीर जोडली होती, तो हात वापरायचा नव्हता. उजव्या हाताची बोटं सुजून थरथरायची. एका दुपारी त्यानं माऊस माझ्याकडे सरकवला. "तू धर. मी सांगतो."

मी धरला. स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत होतं, मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. पण चित्रं येत होती. ढालीचं चित्र, आगीचं, उघड्या तळव्याचं. आणि कीबोर्डवरचं लांबट बटण दाबलं की सगळं जग जागच्या जागी थांबायचं. तेव्हा दादा डोळे मिटून विचार करायचा.

सुरुवातीला आम्ही सारखे मरायचो. मी आपली सगळी माणसं समोरच्या मोठ्या, काळ्या चिलखतवाल्यांवर सोडायचे, आणि मागे कुठेतरी खांबाआड एक लांब झग्यातला माणूस उभा असायचा, हात हलवत काहीतरी पुटपुटत. त्याचं पुटपुटणं संपलं की आगीचा गोळा यायचा आणि आमची सहाच्या सहा माणसं एका जागी जळून जायची. "कोण मारतंय?" मी विचारलं. "तो मागचा," दादा म्हणाला. "मंत्रवाला. बाकीचे नुसते मध्ये उभे राहायला आहेत. आधी त्याला गाठायचं." मी त्याला पुटपुट्या म्हटलं. दादा इतका हसला की त्याला खोकला आला. मग आमच्या घरात त्याचं नाव तेच पडलं.

पुटपुट्यांशी लढायचं दादानं मला शिकवलं. आपली माणसं एकमेकांपासून लांब उभी करायची, म्हणजे गोळा पडला तरी सगळे जात नाहीत. त्याच्याभोवती निळा उजेड फिरत असला तर बाण फुकट घालवायचे नाहीत, दाराबाहेर यायचं, दार लावायचं आणि उजेड विझेपर्यंत वाट बघायची. कुठल्याही वाटेनं आधी एखादा मंत्रानं बोलावलेला कुत्रा पुढे सोडायचा, पुटपुट्या आपले मोठे मंत्र त्याच्यावर उधळतो आणि मग त्याच्याकडे काही उरत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो मंत्र म्हणत असताना त्याला काहीही लागलं तरी मंत्र तुटतो. तलवारच लागायला हवी असं नाही. गोफणीतला खडासुद्धा चालतो. त्यानं त्याला काही इजा होत नाही, पण शब्द तुटतो, आणि तुटलेला शब्द वाया जातो. "किती जोरात लागलं ते महत्त्वाचं नाही," दादा म्हणायचा. "कधी लागलं ते महत्त्वाचं."

पुढे पुढे तो स्क्रीनकडे बघायचाच नाही. डोळ्यांपुढे धूसर दिसतं म्हणायचा. कॉटवर उताणा पडून तो विचारायचा आणि मी सांगायचे.

"काय करतोय?"

"हात वर केलेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"उजेड कसला?"

"लाल."

"थांब. घाई नको. सुरुवातीला मारलंस तर परत सुरू करेल. त्याला म्हणू दे... म्हणू दे... आता!"

मी गोफणवाल्या मुलीला सांगायचे आणि खडा सुटायचा. पुटपुट्या अडखळायचा, लाल उजेड त्याच्या हातातच विझायचा. "लागला?" दादा विचारायचा. "लागला," मी म्हणायचे. त्या दुपारांत मी जितकं बोलले तितकं त्याआधी कधी बोलले नव्हते.

मंत्राला आवाज होता. छोट्या स्पीकरमधून तो घोगरा, घाईघाईचा, कुठल्याच भाषेतला नसलेला आवाज यायचा. मोरीजवळ अर्धवट झोपेत आई तो रोज ऐकत होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही. घरात एक पोर दिवसेंदिवस सुजत चाललंय, आणि भर दुपारी, भुताखेतांची म्हणतात तशा वेळेला, त्याच्या उशाशी कुणीतरी मंत्र म्हणतंय. तिनं आम्हाला काही विचारलं नाही. तिनं मोहनमामाला सांगितलं.

मोहनमामानं गावाहून भगताला आणलं. लालबागला गावकऱ्यांची एक खोली होती, तिथे तो उतरला आणि रविवारी सकाळी आमच्याकडे आला. मी कुणीतरी भयंकर माणूस येईल असं धरून बसले होते. आला तो एक बारकासा, इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा, हातात घड्याळ. चप्पल बाहेर नीट जोडून ठेवली. दादाच्या कपाळाला हात लावून बराच वेळ बसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. तो लबाड होता असं मी आजही म्हणणार नाही.

"ती पेटी लावा बघूया," तो म्हणाला.

दादानं मला खूण केली. मी लावला. आम्ही थांबलो होतो तिथूनच खेळ सुरू झाला, एका दारासमोर, आणि दारातला पुटपुट्या लगेच हात हलवायला लागला. खोलीभर माणसं उभी होती, जेवायला येणारी सगळी.  तो घोगरा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"ही भाषा कोणती?" भगतानं विचारलं.

"कुठलीच नाही हो," दादा म्हणाला. "बनवलेली आहे. खेळ आहे तो. तिला अर्थ नाही."

भगतानं मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. "म्हंजे अर्थ नाय. नुसतो मंत्रच."

आईनं तोंडाला पदर लावला. दादा माझ्याकडे बघून हसायला गेला, पण त्याच्याच्यानं ते झालं नाही. मी लांबट बटण दाबून पुटपुट्याला थांबवलं आणि स्क्रीन बंद केला.

भगतानं सांगितलं ते थोडक्यात असं. बाहेरचं काहीतरी ह्या पेटीच्या वाटेनं पोराच्या अंगात आलंय. तो ते काढेल. पण एका अंगात दोन उपाय चालत नाहीत. येत्या अमावास्येपर्यंत सुई नाही, मशीन नाही, औषधाची गोळी नाही. तसा शब्द आवशीनं नारळावर हात ठेवून द्यायला हवा. देवासमोर दिलेला शब्द आई मोडणार नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. अमावास्या बरीच लांब होती. उद्या मशीनची पाळी होती.

मी बाबांकडे बघितलं. ते गॅलरीत उभे राहून खाली बघत होते. मी दादाकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला होता, "बाय, सुई आत जाते ना, तेव्हा मला वाटतं की आता पुरे." आता तो डोळे मिटून म्हणाला, "चालेल. जे काय करायचं ते करा." आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते सुटल्यासारखं होतं.

नारळ मांडला, पाच विडे मांडले. भगतानं मुठीत तांदूळ घेतले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलंय त्यांना ते सांगायला नको. एकजण मोठ्यानं देवाला घालतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे एका आवाजात होकार भरतात. होकार पडला की ते वाक्य देवाच्या पदरात पडलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मुंबैत तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा, तेची काय चूकभूल झाली असात तर ती पोटात घी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या आंगार जी काय भायरची पीडा असात, कोणाची नजर असात, कोणाची करणी असात, ती सात समुदरापलीकडे घालव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मी मोरीच्या कट्ट्याला टेकून उभी होते. माझ्या हातात सोलकढीचं पातेलं होतं, ते कुठे ठेवायचं ते सुचत नव्हतं. भगताचा आवाज प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला खाली असायचा आणि शेवटाकडे चढत जायचा. तांदळाची मूठ त्याबरोबर वर जायची. दोन-तीन वाक्यं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या हाताकडे बघतेय. मी ठरवलं काहीच नव्हतं. पुरुषांच्या बैठकीत मधे बोलायचं, आणि तेही गाऱ्हाण्यात, असं काही माझ्या मनात आलं असतं तर मी तिथेच चक्कर येऊन पडले असते.

"आनी येत्या अमाशेपर्यंत ह्या लेकराच्या आंगाक सुई लागाची नाय, दुसरो उपाय होवचो नाय, असो शब्द हेची आवस तुका देता हा रे म्हाराजा..."

आईनं नारळावर हात ठेवला. सगळ्यांनी छातीत श्वास भरून घेतला. ती जी एवढीशी जागा असते, होकार पडायच्या आधीची, तिथे कोणीतरी म्हणालं, "नाय म्हाराजा."

आवाज मोठा नव्हता. पण त्या जागेत दुसरा आवाजच नव्हता. होकार कुणाच्याच तोंडातून बाहेर पडला नाही. भगताची मूठ वरच राहिली.

"कोण बोलला?"

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. त्या माणसांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता कधी, त्यांना ओळखू कुठून येणार. ओळखला तो मोहनमामानं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नुसतंच म्हटलं, "बाये?" त्यात चेष्टा नव्हती.

भगत रागावला नाही. त्यानं मूठ हळूहळू खाली आणली, तांदूळ खांद्यावरच्या पंच्याच्या टोकात बांधले. "देवान 'नाय' आयकल्यान," तो म्हणाला. "आता त्याच नारळार परत व्हय म्हणूक येणा नाय." मोहनमामा त्याच्या पाया पडला, दुसरा नारळ आणतो म्हणाला. त्यानं मान हलवली. "पोरगी घरची हा. घरच्यान नाय म्हटल्यावर मी कोण?" जाताना तो माझ्यासमोर क्षणभर थांबला.   चपला घालून जिना उतरून गेला. त्याच्या मागोमाग माणसं एकेक करून गेली, न जेवता. त्या रविवारी आमच्या खाणावळीतलं सगळं जेवण तसंच राहिलं. आई नारळापुढे बसून होती, हात अजून त्याच्यावरच.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. त्यांनी दादाच्या काखेत हात घातला, म्हणाले, "चल." आम्ही टॅक्सीनं गेलो. बाबा पुढे बसले होते. दादा माझ्या खांद्याला टेकला होता. बऱ्याच वेळानं तो कानाशी म्हणाला, "वेळ बरोबर साधलीस." मला बरं वाटलं. मग हॉस्पिटलचं फाटक आलं, आणि तो म्हणाला, "पण मला विचारायचं होतंस."

त्यानंतरचे महिने मी इथे सगळे लिहिणार नाही. सुई लागत राहिली. हाताची शीर बंद पडली, मग मानेत नळी घातली. तिच्यातून जंतू जाऊन ताप धरला. तो कधी चिडायचा, कधी दोन-दोन दिवस बोलायचा नाही, एकदा त्यानं अळणी भाताचं ताट भिंतीवर फेकलं आणि मग लहान मुलासारखा माझा पदर धरून रडला. खेळ त्यानं परत लावायला सांगितला नाही. मीही विचारलं नाही. उन्हाळ्यात, लोक गावी जायच्या गडबडीत होते, तेव्हा तो गेला. मी डबा घेऊन वॉर्डात पोचले तर कॉटभोवती पडदा ओढलेला होता. मशीनची एकही पाळी चुकली नव्हती.

आई मला काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाये, तोप उतर. बाये, ताट घी. बाये, मासे धू." एवढंच. तो नारळ तिनं फोडला नाही आणि परतही केला नाही. रोज नारळ खोवणाऱ्या घरात तो एक नारळ माळ्याच्या पायरीवर पडून होता, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शेवटी एक दिवस बाबांनी तो पिशवीत घातला आणि समुद्रात सोडून आले. गणपतीत चाळीत गाऱ्हाणं झालं तेव्हा आई बायकांत उभी होती. सगळ्यांनी होकार भरला, तिचे ओठ मिटलेले. दुसऱ्या वर्षीही तसंच. मी समजले. माझ्यामुळे तिचा देवाला द्यायचा शब्द गेला, आणि शब्दाबरोबर पोरगा. ती तसं मानते हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर ती चुकते असं मला छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं होतं, तरी तो गेला. मग शंका न केलेल्या गोष्टीचीच काय ती राहते.

एकदा ती मासे आणायला गेलेली असताना मी कॉम्प्युटर लावला. खेळ त्याच दारासमोर थांबला होता. मी आपली माणसं लांब लांब उभी केली. कुत्रा पुढे सोडला. निळा उजेड विझू दिला. मग दोन्ही हात वर गेले, लाल उजेड आला, मी वाट बघितली आणि खडा सोडला. पुटपुट्या पडला. "लागला," मी मोठ्यानं म्हटलं. दार उघडलं. आत एक म्हातारी बसली होती. तिनं काहीतरी विचारलं, इंग्रजीत, आणि खाली उत्तरांच्या तीन ओळी आल्या. त्यांतलं कुठलं निवडायचं ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हे सगळं दादा वाचायचा. मी तिन्ही निवडून बघितली. प्रत्येक वेळी म्हातारी काहीतरी बोलायची आणि आम्हाला दाराबाहेर काढायची. मी कितीतरी वेळ तिच्याशी तसं करत बसले. मग बंद केला आणि त्यावर आईनं घातलेला लुगड्याचा तुकडा नीट पसरला. पुढे बाबांनी तो कॉम्प्युटर दुकानातल्या त्या मित्राला देऊन टाकला.

माझं लग्न झालं नाही. बाबा गेले, खाणावळ बंद झाली, चाळ पाडली, टॉवर झाला. आई आणि मी वरच्या मजल्यावर राहायला आलो. इतकी वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो आणि दादाचं नाव आमच्यात निघालं नाही. त्याचं श्राद्ध असलं की ती पान मांडायची, मी वाढायचे. त्याच्या पानात मीठ घालताना ती माझ्याकडे पाठ करायची.

शेवटच्या आजारपणात ती अंथरुणालाच खिळली होती. मी तिला दुपारी पेज भरवायचे. अशाच एका दुपारी दोन चमचे झाले आणि तिनं माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "गाऱ्हाणा किती रवलला?"

कुठल्या दिवशी असं मी विचारलं नाही.  थोडं म्हटलं तर तिला लागेल, बरंच म्हटलं तर खोटं. मी खरं तेच सांगितलं. "तुझा शब्द तेवढा राहिला होता, आई."

ती छताकडे बघत राहिली. "नाय रवलला," ती म्हणाली. "तू नाय म्हटलंस त्याच्या आदीच माजा व्हय म्हणान झालला. मनात. मनात मी देवाक शब्द दिलंय. आनी दुसऱ्या दिवशी माज्या पोराक मशीनीर धाडलंय. मीच."

इतकी वर्षं. मी पेजेचा वाडगा खाली ठेवला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि जे तोंडात आलं ते मी बोलले. "मनातलं धरत नाहीत गो. मोठ्यानं म्हटलेलंच देव ऐकतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मूल विचारतं तसं तिनं विचारलं, "मनातला आयकणा नाय, तर मग तो आयकता कोणाचा?"

मी चमचा भरून तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड उघडलं नाही. पेज हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळली, ती मी पदरानं पुसली.